सोशिक कान

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

आमच्या घरात हाक मारायची रीत वेगळी आहे. आण्णांना कुणी तोंडानं हाक मारत नाही. आई त्यांच्या खांद्याला हात लावते, मी दिव्याचं बटण दोनदा खालीवर करतो, आणि धाकटी बहीण सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असंच असतं. आमच्या गल्लीत तर होतंच. गल्लीतल्या निम्म्या घरांतले बाप मागावर होते, आणि मागावरच्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

मी इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग चालवला, असं आम्हांला शाळेत शिकवलं. त्या एका मागाचे पुढं किती झाले हे मोजायला गावातून नुसतं चालत गेलं तरी पुरे. ज्या भिंतीला कान लावाल ती भिंत खडखडते. आण्णांची शाळा सातवीत सुटली. अठराव्या वर्षी ते मागावर उभे राहिले ते तीस वर्षं. आई घरी कांड्या भरते. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून मी वाचायला बसलो की घरात सगळे हळू बोलतात. त्याची गरज नसते, पण बोलतात.

मागाचा आवाज ज्यानं आत उभं राहून ऐकला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. धोटा एका मिनिटात शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडं फेकला जातो, आणि प्रत्येक वेळी लाकडावर लोखंड आदळतं. असे चाळीस माग एका पत्र्याखाली. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी शब्द कळत नाही. म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात, हातानं बोलतात. धागा तुटला, बीम संपत आला, चहा आला, मालक आला, प्रत्येकाला खूण ठरलेली. जाणकार सांगतात, ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ-आठ तास वर्षानुवर्षं काढले तर कान जातात. मागाच्या शेडमधला आवाज त्याच्या बराच वर असतो. आणि डेसिबलचा हिशेबही सरळ नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट होते.

कान जातात म्हणजे काय, हेही मला अलीकडेच समजलं. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात केसांसारखं टोक असलेल्या बारीक पेशी असतात. सततच्या आवाजानं त्या मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. त्यामुळं स, श, त, क ही अक्षरं पुसट होतात. माणसाला कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. ‘सात’ म्हटलं काय आणि ‘हात’ म्हटलं काय, आण्णांना दोन्ही सारखंच. पाहुणे मात्र म्हणायचे, ‘यांना हवं ते बरोबर ऐकू येतं.’ खरं सांगायचं तर मलाही तसं वाटायचं. मी आण्णांशी बोलणंच कमी केलं होतं. एकदा सांगा, दोनदा सांगा, तिसऱ्यांदा आवाज चढतो, आणि चढलेल्या आवाजात प्रेमाची गोष्टसुद्धा भांडणासारखी वाटते. त्यापेक्षा न बोललेलं बरं, असा हिशेब मी केला होता.

गेल्या दिवाळीत आम्ही आण्णांना कानाचं यंत्र घेतलं. आईची भिशी, माझी शिष्यवृत्ती आणि आण्णांचा बोनस असे तिन्ही एकत्र केले, तेव्हा एका कानाचं जमलं. दोन्ही कानांचं जमण्यासारखं नव्हतं. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात कान तपासणाऱ्या मॅडमनी ते बसवलं आणि मला समजावून सांगितलं. मी कला शाखेचा, पण त्यांनी सांगितलेलं मला पक्कं लक्षात राहिलं.

त्या म्हणाल्या, ‘हे नुसतं आवाज मोठा करणारं यंत्र नाही. यात एक नाही, दोन माइक आहेत. एक पुढं, एक मागं. दोघांत अंतर सुमारे एक सेंटिमीटर.’ आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एवढंसं अंतर ओलांडायला त्याला सेकंदाच्या दहा लाख भागांतले तीस भाग लागतात. पण यंत्राला तेवढं पुरतं. समोरचा आवाज आधी पुढच्या माइकवर पोचतो, मागून आलेला आधी मागच्या माइकवर. या फरकावरून यंत्र दिशा ओळखतं, आणि एका माइकचा आवाज दुसऱ्यातून योग्य तेवढा उशीर करून वजा केला की मागचा आवाज पुसता येतो. गोंगाट कुठून येतो ते पाहून यंत्र स्वतःच त्या बाजूला बहिरं होतं. ‘फक्त,’ मॅडम म्हणाल्या, ‘ते एक गोष्ट धरून चालतं. माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडं तोंड करतो.’ यंत्रावर एक बारीक बटण होतं. एकदा दाबलं की चहूकडचं ऐकू येई, दुसऱ्यांदा दाबलं की गर्दीसाठी, फक्त समोरचं.

माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडं तोंड करतो, हे वाक्य मला त्या दिवशी फार शहाणपणाचं वाटलं. घरी आल्यावर त्यातली खोट कळली. आमचं घर दीड खोलीचं. आण्णा उंबऱ्याशी गल्लीकडं तोंड करून बसतात, आई त्यांच्या पाठीमागं चुलीशी. गेली बावीस वर्षं दोघं एकमेकांशी पाठमोरेच बोलत आले आहेत. आमच्यात समोरासमोर बसून कोण बोलतं? पाहुणे, नाहीतर वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरं. झालं असं की, पाहुण्यांचं बोलणं आण्णांना स्वच्छ ऐकू येऊ लागलं आणि आईचं, जे पूर्वी निदान पुसट तरी यायचं, ते येईनासं झालं. आण्णांनी बटण गर्दीवर लावून ठेवलं होतं. तीस वर्षं गोंगाट सोसलेल्या माणसाला पहिल्यांदा गोंगाट बंद करायची किल्ली मिळाली होती. ते ती सोडायला तयार नव्हते. आई एकदा म्हणाली, ‘तुमचं ते यंत्र पाव्हण्यांचं ऐकतंय, माझं न्हाई.’ आम्ही हसलो.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आईच्या हातून आंघोळीच्या पाण्याचं पातेलं निसटलं. उकळतं पाणी पायावर सांडलं. तिनं आधी ‘अवो’ म्हणून हाक मारली, मग ओरडली. आण्णा उंबऱ्यात बसून समोरच्या माणसाशी बोलत होते. ते वळले नाहीत. मी वर माळ्यावर होतो, कानांत इअरफोन घालून अभ्यासाचं व्याख्यान ऐकत होतो. मीही उठलो नाही. भिंतीपलीकडच्या मावशी आधी धावून आल्या. मी खाली उतरलो तेव्हा त्या आईच्या पायावर गार पाणी ओतत होत्या आणि आण्णा ‘काय झालं, काय झालं’ करत मध्येच उभे होते. पाय पुढं बरा झाला. आईनं आम्हांला दोघांनाही शब्दानं दुखवलं नाही. तिला सगळे सोशिक म्हणतात. पण रात्री अंथरूण घालताना एवढंच म्हणाली, ‘यंत्र आल्यापास्नं मी मागंच पडले.’ तिला म्हणायचं होतं ते दोन्ही अर्थांनी खरं होतं. आण्णांनी दुसऱ्या दिवशी यंत्र काढून डबीत ठेवलं.

तुम्ही म्हणाल, हा घरगुती प्रसंग नियतकालिकात कशाला? सांगतो. फेब्रुवारीत आमच्या भूगोल विभागाची सहल जुन्नरला गेली. शिवनेरी झाला, नाणेघाट झाला, आणि २८ तारखेला, विज्ञान दिनाला, सरांनी आम्हांला नारायणगावजवळच्या खोडदला नेलं. तिथं प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे. दुर्बीण म्हणजे डोळा लावून पाहायची नळी, एवढीच माझी कल्पना. तिथं माळरानावर ४५-४५ मीटर व्यासाच्या पसरट वाट्या आकाशाकडं तोंड करून उभ्या. अशा एकूण ३०. त्यांतल्या १४ खोडदला जवळजवळ, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना गेलेल्या तीन फाट्यांवर, प्रत्येक फाटा सुमारे १४ किलोमीटर लांब. मी विणकराचा पोर, माझं लक्ष आधी जाळीकडं गेलं. वाटी पत्र्याची नाही. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तारेची जाळी दोरांवर ताणून बसवली आहे. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून एवढी मोठी वाटी हलक्या सांगाड्यावरही तग धरते. लांब लहरींना ही भोकं दिसतच नाहीत. त्यांच्या दृष्टीनं ती सलग वाटी. मला वाटलं, हे कापड आण्णांनी पाहायला हवं.

तिथल्या एका संशोधक दादानं आम्हांला समजावलं. दूरच्या ताऱ्याकडून आलेली लहर सगळ्या वाट्यांवर एकदम पोचत नाही. जवळच्या वाटीवर आधी, लांबच्या वाटीवर नंतर. फरक सेकंदाच्या दहा लाख भागांतल्या काही भागांचा. जी आधी आली तिला तेवढं थांबवून ठेवायचं, आणि सगळ्या एका रांगेत आल्या की बेरीज करायची. त्या दिशेचं जे असेल ते एकमेकांना धरून वाढतं. इतर सगळं विसकटलेलं असल्यानं तेवढं वाढत नाही. दहा कान असतील तर हवा असलेला आवाज दहापट चढतो, पण प्रत्येक कानाचा स्वतःचा गोंगाट सव्वातीनपटच. कान हलवायचे नाहीत, नुसती थांबवाथांबव बदलायची, की ऐकण्याची दिशा बदलते. ‘याला आम्ही बीम करणं म्हणतो,’ दादा म्हणाला.

मी दचकलोच. आमच्याकडं बीम म्हणजे सायझिंगमधून येणारा तो जाड रूळ, ज्यावर हजारो उभे धागे गुंडाळलेले असतात. शब्द एक, अर्थ वेगळा. पण मला तो फारसा वेगळा वाटेना. बीमवरचा एखादा धागा सैल, एखादा ताठ असला की कापड बिघडतं. सगळे सारखे ताणलेले हवेत. इथंही तेच, फक्त धाग्याच्या जागी लहर. दादानं सांगितलं, वरच्या आयनोस्फियरमध्ये चाललेल्या उलथापालथीनं लहरींचा मेळ बिघडतो, म्हणून मधूनमधून एखाद्या ओळखीच्या ताऱ्यासारख्या उगमाकडं तोंड करून सगळ्या वाट्या पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात.

माझ्या मनात पातेल्याची संध्याकाळ होती. मी विचारलं, ‘आणि आपण समजलो होतो त्या दिशेला आवाज नसलाच तर?’ मुलं हसली. दादा हसला नाही. तो म्हणाला, ‘हा फार जुना प्रश्न आहे, आणि तो आमच्यापेक्षा रडारवाल्यांना, पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना, भूकंपवाल्यांना जास्त छळतो.’ मग त्यानं अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. १९६५ साली मोंटाना राज्यात जमिनीखाली ५२५ भूकंपमापकं पुरली होती, एकवीस गटांत, सुमारे दोनशे किलोमीटर रुंदीच्या टापूत. हेतू असा की, जगात कुठं जमिनीखाली अणुस्फोट झाला तर तो भूकंपापासून वेगळा ओळखता यावा. तिथल्या नोंदींवर काम करताना कॅपन नावाच्या संशोधकानं १९६९ साली एक रीत मांडली. यंत्राला एवढंच सांगायचं: या दिशेचा आवाज आहे तसा ठेव, आणि बाकी जे काय येतं ते मिळून कमीत कमी कर. कुठल्या कानाला किती वजन द्यायचं ते यंत्रच आलेला गोंगाट पाहून ठरवतं. गोंगाटाची जागा बदलली की वजनं बदलतं. साध्या बेरजेपेक्षा ही रीत कितीतरी तीक्ष्ण.

‘पण तिच्यात एक खोड आहे,’ दादा म्हणाला. सहलीची बस सुटायची वेळ झाली होती, तरी सर थांबले. खोड अशी. आपण सांगितलेली दिशा आणि माणूस खरोखर बसला आहे ती दिशा यांत थोडासा फरक पडला, किंवा एखादा माइक सांगितल्या जागेपासून किंचित सरकला, तर यंत्राच्या हिशेबात तो माणूस ‘हा आवाज ठेव’ या यादीत बसत नाही. तो ‘बाकी’मध्ये जातो. आणि बाकी कमी करायचं तर हुकूमच आहे. मग यंत्र ज्याच्यासाठी कान लावून बसलं होतं, त्याचाच आवाज गोंगाट समजून पुसून टाकतं. आणखी विलक्षण म्हणजे, तो माणूस जितक्या मोठ्यानं बोलेल तितकं यंत्र त्याला अधिक जोरानं दाबतं. कारण आवाज मोठा, म्हणजे त्याच्या लेखी शत्रू मोठा.

परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. मी खिडकीशी बसून होतो. आईची आधी ‘अवो’, मग किंकाळी, मला क्रमानं आठवत होती. आण्णांचं यंत्र दोन माइकांचं, साधं. मोंटानातला हिशेब त्यात जसाच्या तसा नाही, हे मला कळत होतं. पण माळ्यावर बसलेल्या मला तो तंतोतंत लागू पडत होता.

घरी आल्यावर गल्लीतल्या माझ्या मित्राला गाठलं. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्यानं मोबाइलवर शोधून, कागदावर आकृत्या काढून मला चार दिवस शिकवलं. या खोडीवरच्या उपायांचं एक अख्खं शास्त्र आहे. त्याच्या नावात ‘रोबस्ट’ हा शब्द येतो. मी शब्दकोश पाहिला: धट्टाकट्टा, दणकट. मित्र म्हणाला, ‘दणकट म्हणजे मार खाऊन न मोडणारा नव्हे. आपली माहिती थोडी चुकली तरी ज्याचं काम बिघडत नाही तो.’ मला मराठीत त्याला एकच शब्द सुचला: सोशिक.

उपायांतला एक ऐकून मी चकित झालो. दिशेच्या अगदी जवळचा आवाज पुसायचा तर यंत्राला एका कानाला अवाढव्य वजन द्यावं लागतं, शेजारच्याला तितकंच उलटं, असा अतिशहाणपणा करावा लागतो. तो मोडायचा कसा? हिशेबात प्रत्येक कानाच्या नावावर मुद्दाम थोडा खोटा गोंगाट टाकायचा, सगळ्यांना सारखा. आता अवाढव्य वजन दिलं की तो खोटा गोंगाटही अवाढव्य होतो, आणि यंत्राला शहाणपणा महागात पडतो. ते आपोआप नेमस्त होतं. १९८७ साली कॉक्स, झेस्किंड आणि ओवेन या तिघांनी असंच एक बंधन मांडून दाखवलं, की यंत्रानं स्वतःचा गोंगाट अमुकापलीकडं वाढू द्यायचा नाही. आणि ते बंधन पाळलं की हिशेब या खोट्या गोंगाटापाशीच येऊन पोचतो. पुढं २००३ साली व्होरोब्योव्ह, गर्शमन आणि लुओ यांनी प्रश्न दुसऱ्या बाजूनं धरला. यंत्राला एकच दिशा सांगायची नाही. सांगायचं की, माझी चूक या एवढ्या मर्यादेपर्यंत होऊ शकते, तेव्हा त्या मर्यादेत जो जो आवाज येईल त्यांतला एकही दाबायचा नाही, वाईटात वाईट धरून चाल.

किंमत मात्र मोजावी लागते. सोशिक यंत्र तितकं तीक्ष्ण राहत नाही. त्यात थोडा गोंगाट शिरतोच. मर्यादा फार रुंद धरली तर साध्या बेरजेत आणि त्यात फरक उरत नाही. फार अरुंद धरली तर पुन्हा आपलाच माणूस पुसला जातो. म्हणजे गोंगाट पूर्ण बंद हवा, की आपल्या माणसाचा आवाज हमखास हवा, हे आधी ठरवायचं. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हे सगळं आण्णांना सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. सातवी शिकलेल्या माणसाला हे काय कळणार, असं मनात होतं. आज लिहिताना लाज वाटते. एका रविवारी त्यांच्या पुढ्यात बसलो, आणि ओठ दिसतील असा सावकाश सांगत गेलो. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हंजे नवीन पोरगं. जॉबरनं सांगितलं, हा माग बघ. ते त्याच मागाकडं टक लावून बसतंय. शेजारच्या मागाचा धागा तुटला तरी त्याला पत्त्या नसतो. जुना माणूस असं करत न्हाई. तो कान सैल सोडून ठेवतो. आवाज सगळा येऊ दे, त्यातला आपला माग बिघडला की कळतंयच.’

मी त्यांना विचारलं, चाळीस मागांत तुमचे चार माग तुम्हांला वेगळे ऐकू यायचे? ‘आवाज न्हाई ऐकू यायचा,’ ते म्हणाले. ‘आवाज बदललेला ऐकू यायचा.’ शास्त्रातले लोक जे कागदावर मांडत होते त्यातलं बरंचसं या माणसाच्या अंगात होतं, आणि ज्या कानांत ते होतं ते कान त्याच कामानं खाल्ले. त्या वेळी कानांत घालायला साधे बोळे जरी कुणी दिले असते तरी यांतलं पुष्कळ वाचलं असतं. पण या गोष्टीचा राग धरून काही लिहावं असं मला वाटत नाही. एवढंच वाटतं की, आज जे मागावर उभे आहेत त्यांच्या कानांत ते बोळे असावेत. या पानापर्यंत पोचणाऱ्यांपैकी कुणाचा भाऊ, कुणाचा बाप तिथं असेल, म्हणून लिहितो.

त्यानंतर आम्ही दोघं पुन्हा मॅडमकडं गेलो. घराची रचना सांगितली: उंबरा, चूल, पाठमोरं बोलणं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘हे आधीच विचारायला हवं होतं मी.’ त्यांनी यंत्र असं लावून दिलं की, घरात ते चहूकडचं ऐकेल, आणि गर्दीच्या बटणावरसुद्धा मागची बाजू पुरती बंद होणार नाही. ‘गोंगाट थोडा वाढेल,’ त्या म्हणाल्या. आण्णांनी मान हलवली.

आता थोडं माझ्याविषयी. घरातून पहिलाच कॉलेजात आलेल्या मुलाला सगळे एकच गोष्ट सांगतात: लक्ष विचलित होऊ देऊ नको. मीही तो उपदेश पाळला. एक दिशा ठरवली आणि बाकी कमीत कमी केलं. गल्लीतले मित्र ‘बाकी’मध्ये गेले, आईच्या कांड्यांचा खटखटाट गेला, आण्णांचं चुकीचं ऐकणं आणि पुन्हापुन्हा विचारणं गेलं. ज्यांच्यासाठी शिकायला निघालो तेच नेमके त्या यादीत जाऊन बसले. आणि आई जितकी मोठ्यानं बोलायची, तितका मी इअरफोनचा आवाज वाढवायचो. दिशा चुकली होती असं मी म्हणणार नाही. शिकायचं आहेच. पण मी ती इतकी अरुंद धरली होती की, दोन बोटं बाजूला बसलेली माझी माणसं तिच्यात मावत नव्हती. पहिल्या वर्षी मला वाटायचं, घरातला गोंगाट संपला तर माझा अभ्यास होईल. हल्ली मी माळ्यावर एकाच कानात इअरफोन घालतो. व्याख्यानातलं एखादं वाक्य निसटतं. ते मागं जाऊन पुन्हा ऐकता येतं.

परवाची गोष्ट. आण्णा उंबऱ्यात बसले होते. आईनं चुलीकडूनच, वळूनही न पाहता, नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘अवो, मीठ संपलंय.’ आण्णांनी मान किंचित वळवली आणि विचारलं, ‘मीठ, का पीठ?’ आई हसली, आणि मीठ म्हणून पुन्हा सांगितलं. मी माळ्यावरून पाहत होतो.

आण्णांनी पायांत चपला घातल्या. दारातून बाहेर पडता पडता कानामागं हात नेऊन ते म्हणाले, ‘पंख्याचा आवाज लई येतोय यात.’ मी वरून विचारलं, बटण दाबून बघा की, कमी होईल. त्यांनी क्षणभर बोट बटणावर ठेवलं, आणि काढून घेतलं.

‘येऊ दे,’ म्हणाले.